विश्वासू मेकॅनिक पाहिजे? आधी विश्वासू गिऱ्हाईक व्हा



आज जरा कडक लिहितोय. राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

आपल्याकडं कुठल्याही लग्नात, बारशात, गणपतीच्या मंडपात चार पन्नाशीतली माणसं एकत्र आली की एक विषय निघतोच. "वडिलांची येझदी पडून आहे हो. इंजिनचं काम करून घ्यायचंय, पण विश्वासू मेकॅनिक कुठं मिळतोय आता? सगळे लुटायलाच बसलेत." कुणाची येझदी असते, कुणाची राजदूत, कुणाची आरएक्स हंड्रेड, कुणाची जुनी बुलेट. गाडी बदलते, वाक्य बदलत नाही. बाकीचे तिघे माना डोलावतात आणि विषय जेवणाकडं वळतो.

मला हे वाक्य पटत नाही. मेकॅनिक आहेत. कमी झालेत हे खरं, पण आहेत. ते कमी का झाले आणि जे आहेत ते आपल्याला का दिसत नाहीत, याचं उत्तर गॅरेजात नाही. ते आपल्या घरात आहे.

पुण्या-मुंबईला जाऊन राहिलेल्यांसाठी आधी गावाची आठवण करून देतो. पिरनवाडी म्हणजे बेळगावातून खानापूरच्या रस्त्यानं निघालं की तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग आणि मग आपण. इथंच रस्ता फुटतो. एक खानापूरला, दुसरा जांबोटीवरून चोर्ला घाटानं गोव्याला. एका बाजूला उद्यमबाग, दुसऱ्या बाजूला मच्छे. मधल्या आपल्या गावात फौंड्रीत, मशिन शॉपात नोकरी करणारी घरं. शिफ्ट सुटली की रस्ता दुचाकींनी भरून जायचा. घाट चढून आलेल्या, घाट उतरायला निघालेल्या गाड्या वेगळ्या. एवढ्या गाड्या म्हटल्यावर रस्त्याकडेला पत्र्याची शेड, दारात टांगलेले जुने टायर आणि आत उकिडवा बसलेला मिस्त्री, हे ओघानं आलंच.

आमच्या वडिलांची येझदी १९८४ ची. वडील उद्यमबागेत टर्नर. आमच्या मिस्त्रीमामांचं शेड घरापासून चालत पाच मिनिटांवर. शिक्षण सातवीपर्यंत. वडिलांशी मराठीत बोलायचे, खानापूरच्या आतल्या भागातून आलेल्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि हाताखालच्या पोरांना शिव्या घालायच्या झाल्या तर दखनीत. शुक्रवारी दुपारी शेडला कुलूप असायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या वेळात गाडी घेऊन कोणी जायचंच नाही.

येझदी कुठून आली हे नव्या पोरांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. म्हैसूरला आयडियल जावा नावाचा कारखाना १९६१ साली सुरू झाला. आधी 'जावा' नावानं गाडी निघायची, १९७३ पासून 'येझदी' नावानं. १९९६ ला कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर, आणि किक मारायचा दांडाच पुढं पाडला की गिअरचा दांडा. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी गाड्या चालतात. कंपनी नाही, शोरूम नाही, वॉरंटी नाही, मग कुणाच्या जिवावर चालतात? या पत्र्याच्या शेडांतल्या माणसांच्या.

आता मुद्द्यावर येतो. विश्वासू मेकॅनिक ओळखायचा कसा? एक खरी हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीनं धूर टाकायला सुरुवात केली. गाडी सुरू केली की गल्ली भरायची. त्या वेळी मिस्त्रीमामा आजारी होते. म्हणून शहरातल्या एका मोठ्या, टाइल्स लावलेल्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या माणसानं गाडीला हात न लावता सांगितलं, "पिस्टन गेलाय. बोअर करायला लागेल. अठरा हजार." मी विचारलं, "मोजलंत का?" तो हसला. मी गाडी परत आणली. महिनाभरानं मिस्त्रीमामा शेडवर यायला लागले. त्यांनी धुराकडं बघितलं, हाताला वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "गिअर ऑईल कधी बघितलंय?" काढून बघितलं तर ऑईल निम्मं. म्हणाले, "मालक, पिस्टन ठीक आहे. क्लचकडचं सील गेलंय. गिअर ऑईल क्रँककेसमध्ये ओढलं जातंय आणि तेच जळतंय." सील किरकोळ किमतीचं. मजुरी त्याच्या कितीतरी पट, कारण त्या सीलपर्यंत पोचायचं तर क्लच उतरवायला लागतो, साखळी काढायला लागते. मजुरी मी आनंदानं दिली. धूर गेला.

या हकीकतीत मिस्त्रीमामांचा चांगुलपणा आहेच, पण मुद्दा तो नाही. त्यांना इंजिन कळत होतं हा मुद्दा आहे. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येतं आणि मग वर जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची सीलं घट्ट पाहिजेत. क्लचकडचं सील गेलं की ऑईल आत येऊन धूर होतो. दुसऱ्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एखाद्या दिवशी चालत्या गाडीत पिस्टन धरतो. ज्याला हे माहीत आहे तो आधी सील बघतो. ज्याला माहीत नाही तो थेट बोअरिंगला पाठवतो. बोअरिंगला पाठवणारा प्रत्येक जण चोर असतोच असं नाही, पण पैसे तेवढेच जातात.

आणि बोअरिंग म्हणजे काय खेळ आहे? सिलिंडर एकदा बोअर केला की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक, अशा ओव्हरसाइझ पिस्टनच्या मोजक्या पायऱ्या असतात. गरज नसताना केलेलं प्रत्येक बोअरिंग त्यातली एक पायरी खातं. पायऱ्या संपल्या की नवं स्लीव्ह बसवायला लागतं. म्हणून चांगला मिस्त्री सिलिंडर आधी मोजतो. वर, मध्ये, खाली. उभा आणि आडवा. कारण सिलिंडर सगळीकडं सारखा झिजत नाही. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट केसाच्या जाडीएवढी असते. ती डोळ्यानं दिसत नाही, अंगठा फिरवून कळत नाही. आमचे वडील टर्नर होते, त्यामुळं त्यांचा एकच नियम होता. जो मोजतो त्याच्याकडं गाडी द्यायची.

हा नियम आजही लागू आहे. विश्वासू माणूस ओळखायला चार गोष्टी पुरतात. मोजमाप घेतो का? बदललेला जुना पार्ट न मागता तुमच्या हातात ठेवतो का? काम सुरू करायच्या आधी "एवढं लागेल, उघडल्यावर आणखी काही निघालं तर फोन करीन" असं सांगतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, "हे काम आत्ता करू नका" असं कधी म्हणतो का? काम नको म्हणणारा मेकॅनिक भेटला तर त्याला सोडू नका.

पण आपण हे विचारतो का? नाही. आपण काय विचारतो ते आता सांगतो, आणि इथं कुणाकुणाला झोंबणार आहे.

आपण विचारतो, "आपल्यातला कोण आहे का हो?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले. इंजिनचा क्रँक प्रेस करायचाय, आणि आपल्याला आडनाव पाहिजे. दुकानाची पाटी कुठल्या भाषेत आहे ते आपण बघतो. शुक्रवारी दुपारी बंद असतं का ते बघतो. सीमाभागात आपण भाषेसाठी भोगलंय, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या घरानंही मोर्चे बघितलेत. पण भाषेचा लढा सरकारशी आहे, मिस्त्रीशी नाही. आणि धर्माचा तर इथं संबंधच नाही. फिलर गेजच्या पात्यावर जात लिहिलेली नसते. ज्या माणसानं तीस वर्षं आमच्या वडिलांची गाडी चालती ठेवली, पावसाळ्यात भिजून सीबी पॉइंट बसले की भर पावसात रस्त्यावर येऊन पॉलिश पेपरनं साफ करून दिले, वडील दवाखान्यात होते तेव्हा गाडीबरोबर डबाही पोचवला, तो 'आपल्यातला' नाही, आणि पहिल्याच भेटीत अठरा हजार सांगणारा केवळ आडनावामुळं आपला, हा कुठला हिशेब?

उलटही सांगतो. आडनाव बघून जाणाऱ्याला फसवणं सगळ्यात सोपं असतं. तो काही मोजायला लावत नाही, जुना पार्ट मागत नाही, बिल बघत नाही. "आपलाच आहे" म्हणून डोळे मिटून बसतो.

दुसरी गोष्ट मजुरीची. आपण मध्यमवर्गीय माणसं पार्टचे पैसे न बोलता देतो, कारण पार्टला पाकीट असतं, पाकिटावर किंमत छापलेली असते. मजुरी म्हटलं की आपल्या पोटात दुखतं. "नुसतं उघडायचं आणि लावायचं, त्याचे एवढे?" अहो, एसी धुवायला येणाऱ्या पोराला तासाभराचे पैसे निमूट देता. इंजिन खाली उतरवणं, केस उघडणं, क्रँक प्रेसवर सोडवून नवा कनेक्टिंग रॉड बसवणं, मग डायल गेजवर तो सरळ फिरतोय का बघणं, सगळं साफ करून पुन्हा बांधणं हे दोन-तीन दिवसांचं काम आहे. ते नीट केलं तर इंजिन पुढची काही वर्षं बघायला नको. ते घाईनं केलं तर महिन्यात आवाज येतो. आपण मजुरी निम्मी पाडतो आणि वर म्हणतो, "संध्याकाळपर्यंत द्या, उद्या गोव्याला जायचंय."

मग काय होतं? मिस्त्रीला जगायचं असतं. मजुरीत सुटलं नाही तर तो पार्टमध्ये सोडवून घेतो. हलक्या कंपनीचा पार्ट अस्सल म्हणून लावतो, किंवा चांगला पार्ट खराब म्हणून बदलतो. हे चूक आहे, मी त्याची बाजू घेत नाही. फसवणारे मेकॅनिक आहेत आणि त्यांना धडा शिकवायलाच पाहिजे. पण जो फसवत नाही, त्याचं दुकान आपल्या घासाघिशीत बंद पडतं आणि जो फसवतो त्याचं चालतं, ही व्यवस्था कुणी तयार केली? खोटं बोलणाऱ्याला पैसे आणि खरं बोलणाऱ्याला "महाग आहे हो" हे कोण म्हणतं?

तिसरी गोष्ट आपल्या पोरांची. मिस्त्रीमामांच्या हाताखाली एकेकाळी चार पोरं होती. शेवटी शेवटी एकही नव्हतं. त्यांचा मुलगा हुबळीला कुठल्याशा ऑफिसात लागला आणि त्याचा बापाला आनंदच झाला. का होणार नाही? गावात त्यांना मान कितीसा होता? आपल्याच पोराला नापास झाल्यावर आपण काय म्हणतो? "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात बसावं लागेल." ज्या घरात हे वाक्य रोज बोललं जातं, त्या घरानं चांगला मेकॅनिक मिळत नाही म्हणून रडायचं कशाला?

आपल्या शेजारी मच्छेत १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ झालं. उद्यमबागेत इंजिनीअरिंग कॉलेज आधीपासून आहे. चांगलं आहे, अभिमान आहे. घराघरात बी.ई. मेकॅनिकल झाले. त्यातल्या किती जणांना स्वतःच्या गाडीचा कार्ब्युरेटर उघडता येतो? आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स असतो, तो आपल्या पोराला आपण सांगतसुद्धा नाही.

आणि हे कुठल्या गावात चाललंय? बेळगावात. जिथं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं. सायकली विकायच्या आणि दुरुस्तही करायच्या. त्या दुकानातून पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी नांगर घेईनात, तरी त्यांनी सोडलं नाही. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा १९१० साली कुंडलच्या माळावर जाऊन किर्लोस्करवाडी उभी केली. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. त्यांचं नाव आपण भाषणात घेतो, आणि त्यांच्यासारखं हातात पाना धरणाऱ्या माणसाला 'अरे-तुरे' करतो. उद्यमबागेत क्रँकशाफ्ट मशिनिंग करणारी गावं आपली, आणि आपल्या दारातल्या गाडीचा क्रँक दुरुस्त करणारा माणूस मात्र आपल्याला हलका वाटतो.

चौथी गोष्ट विसराळूपणाची. १९८५ साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली. चांगली गाडी, वादच नाही. फोर-स्ट्रोक, पेट्रोल कमी पिणारी, ऑईल मिसळायची कटकट नाही. पण तिच्या जाहिरातीनं आपल्याला एक सवय लावली. पेट्रोल भरायचं, टाकीचं झाकण लावायचं आणि विसरायचं. आपण इतकं मनावर घेतलं की सगळ्याच गाड्या विसरायला लागलो. वडिलांची पिढी दर रविवारी गाडी पुसायची, साखळीला ग्रीस लावायची, प्लग काढून त्याचा रंग बघायची. प्लग काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर हवा जास्त, विटकरी असेल तर ठीक. आता वर्षानुवर्षं गाडी फणसाच्या झाडाखाली ताडपत्री घालून पडते, टाकीत गंज चढतो, आणि एके दिवशी हौस येते म्हणून टेम्पोत घालून मेकॅनिककडं नेतो. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्याच उसाचं, पण ते पाणी धरून ठेवतं, जुन्या कार्ब्युरेटरचे रबर आणि टाकीचा पत्रा त्याला सोसत नाही. जुनी गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवायला पाहिजे. हे सांगणारा मेकॅनिक असतो, ऐकणारा नसतो.

अलीकडं वेगळीच फॅशन आलीय. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात, रांगेत गाड्या लावतात, फोटो काढतात. मलाही बघायला आवडतं. २०१८ ला जावा पुन्हा बाजारात आली, २०२२ ला येझदी, त्यामुळं जुन्या गाड्यांचे भाव वाढलेत. टाकीच्या रंगाला आणि क्रोमला लोक हजारो रुपये मोजतात. पण फोटोत मिस्त्री कधी दिसत नाही. ज्याच्या हातानं ते इंजिन आवाज करतंय, तो मागं कुठंतरी उभा असतो.

कोणी म्हणेल, "मग सरकार काय करतंय?" केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, त्यात वाहनंही धरलीत. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग कंपन्यांनी बाहेरच्या मेकॅनिकलाही द्यावेत, असा त्यामागचा विचार. चांगलंच आहे. पण ज्या गाडीची कंपनीच १९९६ ला मिटली, तिची माहिती कुठल्या कंपनीकडं मागणार? ती माहिती म्हाताऱ्या मिस्त्र्यांच्या डोक्यात आहे. आमचे मिस्त्रीमामा तीन वर्षांपूर्वी गेले. कुठल्या मापाचं सील कुठल्या दुसऱ्या गाडीचं चालतं, कुठला बेअरिंग नंबर बसतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्याबरोबर ते गेलं. त्यातलं जे वडिलांनी त्यांच्या जुन्या डायरीत लिहून ठेवलं होतं, तेवढंच आमच्याकडं उरलंय. आता आमची गाडी एका तिशीतल्या पोराकडं जाते. त्याला येझदी नवी होती. पहिल्या दिवशी त्याला डायरी दाखवली तर म्हणाला, "काका, याचे फोटो काढून घेऊ काय?" मी म्हटलं, "घे की." त्यानं सिलिंडर मोजला, डायरीतल्या आकड्याशी ताडून बघितला आणि म्हणाला, "अजून दोन वर्षं बघायला नको." विश्वास बसायला मला तेवढं पुरलं.

तेव्हा मंडळी, माझी मागणी साधी आहे. चांगला मेकॅनिक सापडला की त्याची मजुरी पाडू नका. त्याला वेळ द्या. जुने पार्ट मागून घ्या, बिल मागा, मोजमाप विचारा. चांगल्याला त्याचा राग येत नाही, वाईटाला येतो. घरात एखाद्या पोराला किंवा पोरीला यंत्राची आवड असेल तर "गॅरेजात बसशील" ही धमकी बंद करा. तुमच्या ओळखीचा एखादा जुना मिस्त्री हयात असेल तर या रविवारी त्याच्याकडं जाऊन बसा, चहा पाजा, आणि त्याला काय काय ठाऊक आहे ते वहीत उतरवून घ्या.

आणि खाली तुमच्या मेकॅनिकबद्दल जरूर लिहा, नाही असं नाही. पण तो कोणाच्यातला आहे ते लिहू नका. त्यानं काय मोजलं, काय दुरुस्त केलं आणि कुठलं काम नको म्हणून सांगितलं, तेवढं लिहा.